मूळचं रबर

गाडीखाली उताण्या पडलेल्या थोरल्याने टॉर्च फिरवला आणि त्याचा हात जागीच थांबला. मागच्या चाकापाशी धक्के झेलणारा काळ्या रबराचा जाड गोळा असायला हवा होता. तिथे लाल रंगाची पोलादी स्प्रिंग होती.

तो सरपटत पुढे गेला. तिथेही तेच. चारही चाकांना.

उद्या जुन्या गाड्यांच्या क्लबची तपासणी. आपली चिमुकली गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे, असं तो तिथे छातीठोकपणे सांगत आला होता.

मग त्याला नटवरचा पिवळा ठिपका दिसला. नट आवळून झाला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, ही खोड एकाच माणसाची. धाकट्या भावाची.

या स्प्रिंगांपायीच दोघा भावांचं बोलणं तुटलं होतं. धाकट्याने आपल्या तसल्याच गाडीचं रबर काढून स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा थोरला भडकला होता. "रबर दाबलं की घट्ट होतं. वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. स्प्रिंग म्हणजे नुसता झोपाळा!"

"दादा, रबर म्हातारं झालं की त्याचा दगड होतो. मग प्रत्येक खड्डा थेट माणसाच्या मणक्यात."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

आणि त्याने हात लावला होता. चोरून. घरातून कोणीतरी किल्ली दिल्याशिवाय का?

थोरला गाडीखालून बाहेर आला. बायको दारात उभी होती.

"किल्ली कोणी दिली त्याला?"

"मी. तुम्ही ताईंकडे गेला होतात तेव्हा भावजींना बोलावलं."

तिने आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हल्ली गाडी इतकी मऊ चालते, ती आपण वंगण नीट घातलं म्हणून, असं तो समजत होता. बायकोची पाठीची कुरकुर थांबली, तेव्हा दुखणं मनाचंच होतं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"सख्खा भाऊ आणि लग्नाची बायको! दोघांनी मिळून केसाने गळा कापलात माझा. आणि मी खुळा, लोकांना गाडीत बसवून सांगतोय, रबराची सर कशाला नाही! हसत असाल ना दोघं?"

"नाही हसलो."

"माझं रबर कुठे आहे? फेकलंत?"

फळीवरून जुन्या चादरीचं गाठोडं काढून तिने त्याच्या पायाशी सोडलं. चार गोळे फरशीवर आदळले. चपटे झालेले, भेगा पडलेले, टणक. थोरल्याने एकेक उचलून बाहीने पुसला, टॉर्चखाली धरला. प्रत्येकावर कारखान्याचा ठसा शाबूत होता. त्याचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत परत बसवता आले असते.

"सुटलो बाबा! चारही मूळचेच आहेत."

"हो. भावजीही तेच म्हणाले," बायको म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, काहीतरीच काय! माझी पाठ दुखते म्हणून यांनी गेल्याच वर्षी सगळं रबर नवं घातलंय, मला स्वतः सांगितलंय."