सतरा नंबरचा हॉर्न

मोटारसायकल ढकलत योकास्ता चर्चचा चढ चढून वर आली, तेव्हा थांब्यावरचे सगळे टॅक्सीवाले आपापल्या मोटारसायकलींवर रेलून तिच्याकडेच बघत होते. हात लावायला एकही पुढे झाला नाही. तिलाही कुणाचा हात नकोच होता.

"काय वहिनी, गाडी तू चालवतेस की गाडी तुला?" तिचा दीर दानिलो ओरडला. हशा पिकला. योकास्ताने गाडी रांगेत लावली, कपाळावरचा घाम पुसला आणि खुंटीवरच्या सतरा नंबरच्या जाकिटाकडे बघितलं. ते जाकीट तिच्या नवऱ्याचं, फाउस्तोचं होतं.

थांब्याचा रिवाज जुना आहे. कुणी गेला की त्याचं जाकीट वर्षभर खुंटीवर राहतं, त्याला कुणी शिवत नाही. वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की दुसऱ्या सकाळी त्याच्या घरची गाडी रांगेत लागली पाहिजे आणि पहिलं गिऱ्हाईक घेऊन निघाली पाहिजे. नाही निघाली तर नंबर दुसऱ्याचा. मिस्सा कालच झाली होती. आणि स्वतःचा नंबर नसलेला दानिलो तो मिळण्याची वाट बघत कधीचा टपून बसला होता.

"गाडी लागली हे खरं," थांब्याचा म्होरक्या चेपे म्हणाला. "पण निघणार कशी, बाई? गिऱ्हाइकाला काय ढकलत नेणार?"

योकास्ताने दात-ओठ खाल्ले. वर्षभर सासूने घरात कडक दुखवटा पाळला होता. रेडिओ बंद, आरसा झाकलेला, दोघी काळ्या कपड्यांत, मोटारसायकलवर पांढरी चादर. संध्याकाळी गल्लीच्या वळणावर फाउस्तो दोनदा हॉर्न द्यायचा आणि तो ऐकून म्हातारी कॉफी चढवायची, तेही संपलं. तरी योकास्ता बाजारात केळ्याचे काप तळून, विकून घरी यायची, तेव्हा चुलीवर कॉफी असायचीच. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करू का, नाहीतर बॅटरी बसेल, असं तिने सासूला कितीदा तरी विचारलं होतं. "दुखवट्याच्या घरात आवाज नको!" म्हातारी कडाडायची. त्यापुढे बोलायची सोय नव्हती.

काल तिने चादर काढून किल्ली फिरवली. दिवासुद्धा मिणमिणला नाही. "ही बॅटरी नुसती पडून उतरलेली नाही," मेकॅनिक म्हणाला. "कुणीतरी वापरून वापरून हिचा जीव घेतलाय." चार्जिंगला लावली, तर वीज गेली ती गेलीच. किक तर फाउस्तोच्या हयातीतच तुटली होती. कुणीतरी म्हणजे कोण, हे योकास्ताला कुणी सांगायला नको होतं. घराची दुसरी किल्ली दानिलोकडे होती.

"माझ्या बॅटरीला केबल जोडून देतो ना," दानिलो आता जवळ येऊन म्हणाला. "पण चालवीन मी. तू आपली तळणावर बस."

"केबल तुझ्या गळ्यात घाल! चोरून बॅटरी खाल्लीस, आता उपकार करायला आलास?"

"मी? मी त्या गाडीला बोटसुद्धा लावलेलं नाही!"

ती ऐकून घ्यायला थांबलीच नाही. उताराच्या वेगावर इंजिन चालू करायला गाडी उतारावर नेली, वर बसली, वेग आल्यावर क्लच सोडला. मागचं चाक खडीवर फरफटलं आणि गाडी थांबली. योकास्ता अंगाने हलकी होती, चाकावर वजनच पडत नव्हतं. गाडी पुन्हा वर ढकलत आणली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा चेपेचा हात खुंटीकडे गेला होता.

"जाकिटाला हात लावू नकोस, चेपे! सकाळ अजून संपलेली नाही."

चर्चमधून बायका बाहेर पडल्या. योकास्ताकडे बघून न बघितल्यासारखं करत एकेक जण दुसऱ्यांच्या गाड्यांवर जाऊन बसली. सगळ्यांत शेवटी तिची सासू मेन्सिया आली. काळा झगा, काळी ओढणी, चांगली आडव्या बांध्याची बाई. आता भर चौकात सुनेची खरडपट्टी निघणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"आई, ये, माझ्या मागे बस," दानिलोने सीट पुसली.

मेन्सिया त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली. सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसली. गाडी कण्हली.

"चेपे, जाकीट दे तिला. गिऱ्हाईक बसलंय."

"आई, बॅटरी मेलीये," योकास्ता पुटपुटली.

"उतार तर जिवंत आहे ना? चल."

काळ्या कपड्यांवर सतरा नंबरचं जाकीट चढवून योकास्ता निघाली. या वेळी मागचं चाक फरफटलं नाही. म्हातारीच्या वजनाने ते जमिनीला धरून होतं. क्लच सोडला. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि गरजलं. योकास्ताने मागे वळूनही बघितलं नाही. तिला दानिलोचं तोंड बघायची गरजच उरली नव्हती.

गल्लीचं वळण आलं.

"हॉर्न दे," मागून म्हातारी म्हणाली. "दोनदा."

"वाजणार नाही, आई. दानिलोने पार रस काढलाय बॅटरीचा."

"त्याच्यावर आळ घेऊ नकोस," मेन्सियाने सुनेच्या पाठीला गाल टेकला. "संध्याकाळी तू बाजारात असलीस की चादर उचलून मीच वाजवायचे. हॉर्न ऐकल्याशिवाय कॉफी चढवायला हातच उठायचा नाही, पोरी."