ड्रमरला दाद

शेवटच्या गाण्यानंतर गिटार स्टेजवर आपटून फोडायची, ही शार्दूलची रीत. आज त्याच्या सोलो कार्यक्रमाचं लाइव्ह रेकॉर्डिंग होतं. त्याने गिटार डोक्यावर उचलली, तोच जुन्या बँडचा ड्रमर भूपाल लोखंडी माइक स्टँड घेऊन विंगेतून धावून आला.

“चाल माझी आणि रेकॉर्डवर नाव तुझं एकट्याचं?”

“आत जाऊन बोलू, भूप्या.”

“बोलायला फोन उचलावा लागतो, साहेब!”

स्टँड डाव्या मनगटावर बसला आणि हाड मोडलं. शार्दूल गुडघ्यांवर कोसळला. “वाचवा! हा खरंच मारतोय!”

लोकांना हाही खेळाचाच भाग वाटला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. साउंडवाल्याने किंकाळीचा आवाज आणखी वाढवला.

भूपालची पकड सैल झाली. तेवढ्यात बाल्कनीतून आरोळी उठली, “वन्स मोअर!”

आजवर भूपालला कुणी वन्स मोअर दिला नव्हता. त्याने स्टँड पुन्हा उचलला.