पिठावरची खूण

फोनच्या पडद्यावर एक परात दिसत होती, तिच्यात चाळलेलं ज्वारीचं पीठ, शेजारी एक पणती आणि उचलून ठेवलेली टोपली. पिठावर खूण एकही नव्हती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, जिथे प्राण सोडला तिथे आईने ते रात्रभर झाकून ठेवलं होतं. गेलेलं माणूस येऊन पाऊल उमटवून जातं, असं आमच्या धर्मापुरीत मानतात. मी नव्या संशोधकांच्या फेलोशिपवर अंटार्क्टिकात होते. नोव्हेंबरपर्यंत परतीचं जहाज नव्हतं.

“मुंगीचं बी पाऊल न्हाई,” आई म्हणाली. “कावून आले नसतील गं?”

“आई, पिठावर असं काही उमटत नसतं.”

ती परातीकडे बघत राहिली.

“तुझ्याकडं गेले असतील. शेवटाला लई विचारत होते, स्वप्नाली कुटं हाय म्हणून. तिकडं तर समदं पिठावानीच पांढरं हाय म्हणतीस. बघशील का?”

“बघते.”

सकाळी कुणी बाहेर पडायच्या आत मी टॉर्च घेऊन आमच्या संशोधन केंद्राभोवती फेरी मारली. रात्रीतून सात सेंटिमीटर नवा बर्फ पडला होता. दाराशी परत आले तेव्हा पावलांची रांग एकच होती. लांबी एकतीस सेंटिमीटर, माझ्या बुटाची.