गाईचं दावं

कप्साबेत गावातली शर्यत जिंकताच जेरोनो मंडपामागं लपली. अमेरिकेतलं कॉलेज तिला चार वर्षं फुकट शिकवणार होतं. अट एकच, कुठल्याही शर्यतीचं बक्षीस घ्यायचं नाही. घेतलं की ती व्यावसायिक धावपटू ठरणार आणि कॉलेजचं दार बंद. टाळ्या ऐकून तिनं डोकावलं, तर मंचावर बाबा बक्षिसाच्या गाईचं दावं धरून उभे! ती धावत वर गेली. “बाबा, हे काय केलंत?” “तू कुठं घेतलंस, पोरी? मी घेतलं! बापानं घेतलेलं चालतं, तुझे कोचच म्हणाले.” समोर उभ्या कोचनं तेवढ्यात गाईसकट बापलेकीचा फोटो काढला आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “हा कॉलेजला पाठवतो. बापानं घेतलेलंही तुझंच धरतात. उद्या पैशाच्या शर्यती धावायला माझ्या एजंटच्या करारावर सही करायला ये.” बाबा गाईची मान खाजवत होते. “आता अमेरिकेला निर्धास्त जा. मागं आमच्या दुधाची सोय झाली.”