गव्हातलं विष

“काकी, तुमची नमिता गारुड्यांच्या पोटावर पाय देणार,” क्षिप्रा हसत म्हणाली. “साप न पकडता विष काढते ती. तेही मण्यारीचं.”

नमिताने डोळ्यांनी खुणावलं, पण तोवर शब्द सुटून गेले होते. क्षिप्राला नमिताच्या भावाचं, निकेशचं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्या टेबलाकडे निघून गेली.

रबाळ्याच्या या लॅबमध्ये गिरजाबाई आज पहिल्यांदाच आल्या होत्या. लेक गव्हावर संशोधन करते, एवढंच त्यांना माहीत होतं. नमितानेच तसं सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“तू तं गव्हाचं काम करतेस ना?”

“गव्हाचंच आहे, आई. दाण्यातला अंकुर काढून वाटायचा. पेशी फुटून मरतात, पण प्रथिनं बनवायची त्यांची कला त्या रसात शिल्लक राहते. मण्यारीचं विष बनवायची कृती त्या रसाला दिली, की तो ते बनवतो. जिवंत पेशीला बनवायला लावलं, तर बऱ्याचदा तीच मरते.”

“आनि तुला ईष कशाला पायजे?”

“उतारा बनवायला. आहे तो उतारा प्रत्येक वेळी पुरा पडत नाही.”

ते गिरजाबाईंना वेगळं सांगायची गरज नव्हती. उरणच्या घरात निकेश जमिनीवर झोपला होता, तेव्हा त्याला मण्यार डसली. दवाखान्यात उताऱ्याच्या बाटल्यांवर बाटल्या चढल्या, तरी लेकाचा श्वास त्यांच्यासमोर बंद पडला. त्यानंतर घरात सापाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

त्यांनी बर्फातल्या नळीकडे बोट केलं. “ह्येच का त्ये?”

“हो.”

“दे माज्या हातात.”

नमिता क्षणभर घुटमळली. मग तिने आईच्या हातांत मोजे चढवले आणि बंद नळी दिली. तळाशी पाण्यासारखा थेंब होता. गिरजाबाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

“उतारा कवा व्हयाचा?”

“वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही.”

“लागू दे.”

त्यांनी नळी स्वतःच बर्फात खोचली. मग लेकीला जवळ ओढून तिच्या हातांतले मोजे काढले. निकेशच्या अंगावर दंशाची खूण शेवटपर्यंत कुणाला सापडली नव्हती. गिरजाबाई नमिताचं एकेक बोट उजेडाकडे वळवून निरखत राहिल्या.