वरच्या बाथरूममधला डाग

संडासाच्या भांड्यात तपकिरी डाग पडला होता आणि सून शनिवारी परत येणार होती. आज गुरुवार. सासूबाई कमरेवर हात ठेवून वरच्या बाथरूमच्या दारात उभ्या होत्या आणि प्लंबर गुडघ्यांवर बसून भांड्यात टॉर्च मारत होता.

सून ऑफिसच्या ट्रेनिंगला गेली त्याला वीस दिवस झाले होते. ती नसताना आपण घर आरशासारखं ठेवून दाखवायचं, असं सासूबाईंनी मनाशी ठरवलं होतं. आणि नेमका तिसऱ्या दिवशी हा डाग उगवला. व्हिनेगर झालं, खायचा सोडा झाला, दुकानदाराने दिलेलं जळजळीत ॲसिड झालं. घासलं की जायचा आणि दोन दिवसांत पुन्हा हजर. सुनेच्या हातात असताना हेच भांडं कसं दुधासारखं पांढरं असायचं! शेजारीण म्हणाली, "अहो, ती काय वापरते ते फोन करून विचारा की." त्यावर सासूबाईंच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमला नव्हता. एकवेळ नवं भांडं बसवीन, पण तिला विचारणार नाही.

"पाण्यात गंज असेल," त्या म्हणाल्या. "टाकी जुनी आहे."

प्लंबरने फ्लशच्या टाकीचं झाकण काढून आत हात घातला. "टाकी स्वच्छ आहे, काकू. आणि गंज असता तर चारी बाजूंनी आला असता. हा बघा, एकाच जागी आहे. वरून कोणीतरी काहीतरी ओततंय."

"संडासात काय ओतणार?"

त्याने कडेवर टॉर्च धरला. तिथे एक वाळलेला थेंब होता आणि त्याच्याभोवती मुंग्या लागल्या होत्या. "काहीतरी गोड आहे. चहाच असणार. माझ्या कपाला असाच डाग पडतो, बायको रोज ओरडते."

सध्या घरात माणसं दोन. एक चहा करणारी, दुसरा तो वर घेऊन जाणारा. सासूबाईंनी प्लंबरचे पैसे दिले, दार लावलं आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. मुलाच्या लग्नानंतर त्यांनी सुनेला सगळं देऊन टाकलं होतं. स्वयंपाकघर दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, मुलगाही दिलाच म्हणायचा. हातात राखला होता तो फक्त त्याचा सकाळचा चहा. आलं किसून, दोन चमचे साखर घालून, साडेपाचला. सून कधी "आई, आज मी करते" म्हणालीच, तर त्या तिला गॅसजवळ फिरकू देत नसत.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने बूटही काढले नव्हते, तोच त्यांनी विचारलं, "माझा चहा संडासात ओततोस?"

तो खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला. मग म्हणाला, "चहाच सोडलाय मी. पित्त होतं. दोन वर्षं झाली."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगणारच होतो. तीच म्हणाली, सांगू नकोस. आई त्या चहासाठी पहाटे उठतात, त्यांच्याकडे आता तेवढंच राहिलंय. बेसिनमध्ये ओतला तर खाली मोरीत दिसेल, म्हणून संडासात ओतायला तिनेच सांगितलं. रोज घासायचीही तीच. ती गेल्यापासून मी घासायला विसरलो."

सासूबाईंच्या कानशिलांत आग झाली. मुलाने चहा ओतला, त्याचं दुःख होतंच. पण दोन वर्षं ही दोघं वरच्या खोलीत बसून त्यांच्यावर दया करत होती, त्यांच्याविषयी कुजबुजत होती, आणि त्या खाली आलं किसत होत्या. सुनेने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. हा चांगुलपणा मात्र त्यांना गिळवेना. तेवढंच राहिलंय म्हणे!

"आई, उद्यापासून चहा करू नकोस. मी तिलाही सांगतो, तुला कळलंय म्हणून."

"खबरदार!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की त्या स्वतःच दचकल्या. मग आवाज खाली आणून, त्याच्या हाताला धरून म्हणाल्या, "तिला सांगायचं नाही. तिला माहीत नाही असं काहीतरी एक तुझ्यामाझ्यात राहू दे."

शनिवारी सून आली. रविवारी साडेपाचला सासूबाईंनी आलं किसलं, दोन चमचे साखर घातली आणि कप काठोकाठ भरला. सून बाजूलाच उभी होती, नेहमीसारखी शहाण्या मुलीगत गप्प. मुलाने कप घेतला, तिच्या डोक्यावरून आईकडे बघितलं, आईने त्याच्याकडे बघितलं, आणि तो जिना चढून गेला. मागोमाग सून गेली.

थोड्या वेळाने वरून ब्रशचा आवाज येऊ लागला. खर्र, खर्र, खर्र. सासूबाई ओट्याला टेकून तो शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.