रिकाम्या डोंगरावर

या, जरा जवळ सरका. दार लोटून घ्या, डोंगरावरचं वारं आत येतंय. एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे, आणि एका गेलेल्या माणसाची.

जोनास बर्केट प्रार्थनामंदिरात उपदेश गात होता. तो नेहमी गाऊनच सांगायचा. बोलता बोलता त्याचा आवाज चढे, शब्दांना सूर लागे, आणि बाकांवरची माणसं नकळत हुंकार देऊ लागत. त्या रविवारी त्याने एकच शब्द घेतला होता: हॉन्ट.

“भुताने झपाटणं, एवढंच तुम्हाला ठाऊक!” तो म्हणाला. “पण पाय जिथे पुन्हा पुन्हा वळतात, ती जागाही हॉन्टच. आपल्या विल्फचा कोपऱ्यावरचा गुत्ता घ्या!”

“मी तिथे चहा प्यायला जातो,” मागून विल्फ ओरडला. सगळं मंदिर हसलं.

“आणि आणखी मागे जा. उत्तरेच्या समुद्रातून होड्या घेऊन आले ते आपले पूर्वज. जाणते म्हणतात, शब्द त्यांचाच असावा. आणि त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ होता, घरी आणणं! डोंगरावर पांगलेली मेंढरं थंडीआधी घरी आणणं!”

उपदेश कोणासाठी चालला आहे हे सगळ्यांना कळत होतं. हॅना टायसन मान खाली घालून बसली होती. ती हसली नव्हती.

आदल्या वर्षी मेंढरांत रोग आला. सरकारी माणसांनी खोऱ्यातले कळप गोळ्या घालून मारले, जाळले. हॅनाच्या नवऱ्याचा, आयझॅकचा, डोंगर रिकामा झाला. त्या डोंगराला कुंपण नाही, कधीच नव्हतं. हद्द मेंढ्यांच्या डोक्यात असते. आई कोकराला दाखवते, ते मोठं होऊन आपल्या कोकराला. ती ओळच तुटली. मग भर जानेवारीत एका सकाळी आयझॅक काही न बोलता डोंगर चढून गेला. बर्फ पडलं. माणसं शोधायला गेली तेव्हा तो एका खडकाला टेकून बसला होता, थिजलेला. शेजारी रिकामं पोतं.

मेंढरू नसलेल्या डोंगरावर मेंढपाळ कशाला जाईल? तोंडाने कोणी बोललं नाही. पण दफनाच्या वेळी लोक फार हळू गायले, आणि हॅनाला कळायचं ते कळलं.

वसंतात तिने लांबच्या बाजारातून नवी मेंढरं आणली. त्यांना या डोंगराची काहीच ओळख नव्हती. “पोरी, वर्षभर हद्दीवर उभं राहावं लागेल तुला,” विल्फ म्हणाला. त्याचा डोंगर तिच्या डोंगराला लागून होता. “नाहीतर माझ्या डोंगरावरून निघतील ती थेट स्कॉटलंडात चहाला जातील. मग विकायचं सगळं आणि बहिणीकडे जाऊन राहायचं.”

ती उभी राहिली. गुडघे सुजले. पण थोड्याच दिवसांत मेंढरं हद्दीवरच्या काळ्या ओढ्याशी आपणहून थांबायला लागली. धुकं उतरलं की आयझॅकच्या जुन्या वाटेने यायची आणि त्याच पडक्या भिंतीच्या आडोशाला बसायची. वळवायला कोणी नसायचं.

“आयझॅक वळवतोय गं त्यांना,” विल्फ खालूनच बघत कौतुकाने म्हणाला.

त्या दिवसापासून हॅना वर गेली नाही. डोंगराकडच्या खिडकीला तिने पडदा ओढला. देवाने बोलावलं म्हणून जो गेला तो फिरत नाही. जो स्वतःहून गेला, तोच भूत होऊन फिरतो.

उपदेश संपल्यावर जोनासने दारात तिचा हात हातात घेतला. “हॅना भगिनी, घाबरू नकोस. मुळात घरी आणणंच आहे ते.”

“जोनास बंधू, शब्द कुठून आला ते तुम्ही सांगितलंत. माझा माणूस कुठे निघाला होता ते सांगा. मरायला गेला होता का तो?”



मेंढरं खाली आणायचा दिवस उजाडला. विल्फ कुत्री घेऊन वर गेला. मेंढवाड्याच्या फाटकाशी हॅनालाच उभं राहायचं होतं. ती निघाली आणि पाऊस सुरू झाला. दारामागच्या खिळ्याला जे हाताला लागलं ते तिने खांद्यावर टाकलं. फाटकाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, हे तेच पोतं.

कळप उतरला. पुढे एक म्हातारी मेंढी चालत होती आणि बाकीची तिच्यामागे मुकाट येत होती. विल्फने तिला धरलं आणि ओला कान उलटून पाहिला.

“ही नव्यातली नाही, पोरी. कानाला आयझॅकची खाच आहे, त्याच्या कळपाची खूण.”

“त्याची सगळी मारली, विल्फ.”

“ही दडली असेल एखाद्या घळीत. सरकारी माणसांना कळलं असतं तर हिलाही गोळी घातली असती. आणि आयझॅकने तुला सांगून काय उपयोग? तू त्या लोकांना चहा देऊन खरं सांगून टाकलं असतंस.”

“पण मग बर्फात ही जगली कशावर?”

विल्फने तिला सोडलं. मेंढीने कुत्र्यांकडे पाहिलं नाही, विल्फकडे पाहिलं नाही. ती सरळ हॅनाकडे आली, आणि तिच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या पोत्यात तोंड खुपसून गवत शोधू लागली.

आज निजण्याआधी देवाशी दोन शब्द बोलाल, तेव्हा आयझॅक टायसनचं नाव घ्या. भरलं पोतं घेऊन गेला होता तो.